वहीतल्या ओळी मोठ्यानं म्हण

कोल्हापूर,
रविवार, सकाळ

प्रिय बाळ,

तुझी वही दोनदा वाचली. एकदा मनात, एकदा मोठ्यानं. मनात आवडलेल्या बऱ्याच ओळी तोंडात येताच अडखळल्या. तिसऱ्या पानावरची 'उसाच्या फडातून वारा निघाला' ही मात्र सरळ वाहत गेली. ती का वाहिली, हे तुला कळायला हवं. नाहीतर तशी दुसरी ओळ सुचेपर्यंत नुसती वाट बघत बसशील.

टेबलावर बोट आपटत म्हण: उ-सा-च्या, फ-डा-तू, न-वा-रा, नि-घा-ला. प्रत्येक तिकडीत पहिलं अक्षर लघु, म्हणजे आखूड; पुढची दोन गुरू, म्हणजे लांब. मात्रा म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळाचं माप: लघूची एक, गुरूच्या दोन. अशा तीन अक्षरांच्या गटाला गण म्हणतात; हा 'य' गण. तो चारदा आला की झालं भुजंगप्रयात वृत्त. पुढच्या ओळीत तू 'पानांवर ऊन सांडत होतं' लिहिलंस. 'पा' गुरू, त्यामुळे पहिल्याच पावलाला चाल मोडली. चित्र छान आहे, म्हणून टाकू नकोस, फिरवून बघ: 'उन्हाची जरा ऊब घेऊन आला'. आता दोन्ही ओळी एका दमात म्हण. कान लगेच सांगेल.

इथं एक गोष्ट नीट ऐक, कारण इथंच पोरं घोटाळतात. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू होतं, असं पुस्तकात वाचशील. 'पत्र' म्हणताना 'प'वर आघात येतो, म्हणून तो गुरू. पण 'उन्हाची' म्हणताना 'उ'वर आघात येत नाही, तो लघुच राहतो. 'तुझ्या', 'मळ्यात' यांचंही तेच. म्हणजे निकाल डोळ्यांनी नाही, जिभेनं द्यायचा. मराठी छंदांचा इतका बारीक विचार करणारे माधव जूलियन आपल्याच राजाराम कॉलेजात फारसी शिकवायचे. त्यांची 'छंदोरचना' मिळवून वाच, पण आधी महिनाभर नुसतं मोठ्यानं म्हणत जा.

अभंगाचा हिशोब वेगळा. तिथं मात्रा नाहीत, अक्षरं मोजायची: सहा, सहा, सहा, चार. तुझ्यासाठी आत्ताच एक जुळवला:

पाऊस थांबला । भिजले अंगण ।
उरले रिंगण । पावलांचे ॥

यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड, आणि मला सगळ्यात प्रिय तोच. तिथं म्हणणारा श्वास घेतो, टाळ वाजतो, ऐकणाऱ्याच्या मनात 'पावलांचे' रेंगाळतं. ती जागा शब्दांनी भरायचा मोह तुला होईल. भरू नकोस. तुझ्या आईवरच्या कवितेत नेमकं हेच झालंय. शेवटच्या ओळीत तू सगळं समजावून सांगितलंस.

आर्या हे मात्रा मोजून रचायचं वृत्त, त्याचं पुढं बघू. मोरोपंत १७२९ साली इथंच पन्हाळ्यावर जन्मले, तेव्हा त्यांच्या आर्या गडावर बसूनच मोजू.

तुला मुक्तछंदच लिहायचाय, हे ठाऊक आहे. लिही. पण त्यात ओळ कुठं तोडायची हे ठरवायला वृत्त नसतं, सगळा भार तुझ्या कानावर येतो. सध्या तू कागदाची कड आली की ओळ तोडतेस.

पुढच्या रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर ये. वही घरीच ठेव, त्या दोन ओळींचं कडवं पुरं करून पाठ म्हणून दाखव.

तुझे,
सर