आधी क्लीट बघ, मग फ्रेम

ऐरोली, रविवार सकाळ

सप्रेम आशीर्वाद.

तळोज्याच्या रासायनिक कारखान्याच्या शेडचं तुझं मॉडेल शुक्रवारी रात्री उघडून बसलो. मेहनत दिसते. पण स्फोटाचा शिखरदाब, म्हणजे दाबाचं सर्वांत मोठं मूल्य, तू थेट स्थिर भार म्हणून फ्रेमवर, म्हणजे कॉलम-तुळयांच्या सांगाड्यावर टाकलास आणि कॉलम वाढवत गेलास, तिथेच गणित चुकलं.

दाब किती, याच्याइतकंच तो किती वेळ टिकतो हेही महत्त्वाचं. तुला दिलेला कालावधी १० मिलिसेकंद. तुझ्या फ्रेमचा आवर्तकाल, म्हणजे एक झोका पूर्ण व्हायला लागणारा वेळ, अर्ध्या सेकंदाच्या आसपास. ती हलायला लागेपर्यंत दाब येऊन गेलेला असतो. इतक्या छोट्या त्रिकोणी धक्क्यासाठी ३.१४ गुणिले कालावधी भागिले आवर्तकाल एवढं कागदावर कर: ०.०६ येईल. म्हणजे फ्रेमला शिखरदाबाचा सोळावा हिस्साही जेमतेम जाणवतो. आता भिंतीचा पत्रा धरणारा आडवा साइड रनर घे. त्याचा आवर्तकाल २५ मिलिसेकंद धरला, तर हा गुणक जवळपास १ होतो. स्फोट तोच, पण रनरला पूर्ण फटका बसतो. हवेत पसरलेल्या ज्वालाग्राही वाफेच्या ढगाचा स्फोट असेल आणि दाब १०० मिलिसेकंद टिकला, तर फ्रेमचा वाटाही निम्म्यापुढे जातो. म्हणून कालावधी कुठून आला, हे आधी विचारत जा.

नवी मुंबईतल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात सॉल्व्हंटच्या वाफा पेटल्यावर मी पाहणीला गेलो होतो. कॉलम ओळंब्यात उभे होते, रनर मात्र जमिनीवर. एक क्लीट, म्हणजे रनरला कॉलमशी जोडणारा छोटा तुकडा, उचलून पाहिली. बोल्टचं गोल भोक ताणून लांबट झालेलं, कडेपर्यंत फाटलेलं. वेल्डला साधी चीरही नाही. रनर स्वतः फारसा वाकलाच नव्हता. वाकता वाकता ऊर्जा पचवायची, हेच तर पोलादाचं खरं बळ. ती संधीच त्याला मिळाली नाही, टोक आधी सुटलं. ती क्लीट अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

यातली मेख नीट समजून घे. झटक्यात ताणलं की पोलादाची यील्ड ताकद, म्हणजे ज्यापुढे ते कायमचं वाकतं ती मर्यादा, वाढते. शिवाय ई २५० (यील्ड ताकद किमान २५० मेगापास्कल) म्हणून आलेला माल प्रत्यक्षात बहुधा २५० च्या वरच असतो. रनर जितका तगडा निघेल, तितकी त्याच्या टोकाची प्रतिक्रिया मोठी, आणि ती सगळी बोल्टवर. त्यामुळे जोड आलेल्या भारावर बेतू नकोस. रनर पूर्ण यील्ड झाल्यावर तो जे ढकलेल, त्यावर बेत.

आणि उसळी विसरू नकोस. आत वाकलेला कॉलम परत बाहेर येतो, त्यात मागून चोषण. आतापर्यंत ताणात असलेला आतला फ्लँज, म्हणजे कॉलमची आतल्या बाजूची पट्टी, आता दाबात जातो. बाहेरच्या फ्लँजला रनरचा आधार आहे, आतल्याला फ्लाय ब्रेस, म्हणजे रनरपासून दिलेला तिरका टेका, नसेल तर काहीच नाही. तुझ्या ड्रॉइंगमध्ये एकही फ्लाय ब्रेस मला सापडला नाही.

आणखी एक. कंट्रोल रूम तू रिअ‍ॅक्टरच्या शेजारी, त्याच शेडच्या पोटात ठेवली आहेस. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोला १ जून १९७४ रोजी सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला. २८ जण गेले, त्यातले १८ कंट्रोल रूममध्ये होते. आपल्याकडे डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये काय झालं, ते तू स्वतः वाचलं आहेस. काचा किती लांबपर्यंत फुटल्या तेही. स्फोटक आठपट झालं, तरी दुप्पट अंतरावर शिखरदाब तेवढाच राहतो, म्हणजे अंतरच वाचवतं. क्लायंटला हे एक वाक्य सांग आणि खोली हलवायला लाव. जागेचा नकाशा अजून पक्का नाही, तोवर हे फुकटात होतं. मी सोबत येईन.

गुरुवारी संध्याकाळी घरी ये. लॅपटॉप नको. एका रनरचं आणि त्याच्या दोन बोल्टचं गणित हाताने करून आण, उसळीसकट.

तुझे,
सर