लालबागची खोली विकून बदलापूरला जावं का?

लालबागहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव न छापण्याची त्यांची विनंती आहे. १९३०च्या दशकातली चाळ, पागडीची १८० चौरस फुटांची खोली, मोरी आत आणि संडास मजल्याच्या टोकाला. राहणारी माणसं पाच: ताई, त्यांचे यजमान, सासूबाई, सातवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. ताई परळच्या एका इस्पितळात पाळीच्या ड्युटीवर नर्स आहेत, यजमान फोर्टला हिशेब विभागात. दोघांचं मिळून ६४,००० रुपये हातात येतात, खर्च जाऊन २२,००० उरतात. बँकेत साडेसहा लाख आहेत. एजंट म्हणतो, खोलीचे ४८ लाख येतील. बदलापूरला वन बीएचके ३८ लाखांना पाहिला आहे. ताईंचा हिशेब असा की घर होऊन वर मुलीच्या शिक्षणाला १० लाख उरतील. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "मुलीला कपडे बदलायला शेजारी जावं लागतं. रात्री अकरापर्यंत ती गॅलरीत दिव्याखाली अभ्यास करते. आता नाही सहन होत."

ताई, ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. मी स्वतः दहा बाय बाराच्या खोलीत वाढलो. बाबांची रात्रपाळी असली की दिवसभर आम्ही भावंडं कुजबुजत बोलायचो, कारण त्यांचा बिछाना आणि आमची वह्या-पुस्तकं यांच्यात दोन हातांचं अंतर होतं. "आमच्या वेळी दहा माणसं राहायची" असं तुम्हाला कोणी ऐकवत असेल तर मनावर घेऊ नका. दहा माणसं राहायची, कारण त्यातली निम्मी कायम पाळीवर, गॅलरीत नाहीतर गच्चीवर असायची. बारा वर्षांच्या मुलीला दार हवं आणि टेबल हवं, ही मागणी अगदी साधी आहे आणि ती यंदाच पुरी व्हायला हवी. पण त्यासाठी खोली विकायचा जो मार्ग तुम्ही मांडलाय, त्याचा हिशेब मला पटत नाही.

सुरुवात त्या ४८ लाखांपासून करू. पागडीची खोली विकतो म्हणतो तेव्हा आपण मालकी विकत नाही, भाडेकरूचा हक्क दुसऱ्याच्या नावावर करतो. त्यासाठी घरमालकाची संमती लागते आणि तो त्यात आपला वाटा घेतो. हा वाटा कायद्याने ठरवलेला नाही. प्रथा म्हणून बऱ्याच ठिकाणी एक तृतीयांशाच्या आसपास मागतात. तेवढा धरला तर १६ लाख मालकाकडे गेले, साधारण एक लाख एजंटचा, तुमच्या हातात ३१. बदलापूरच्या ३८ लाखांवर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पावणेतीन लाख, ग्रिल, ओटा, कपाटं आणि सामान हलवणं यांचे सव्वादोन, म्हणजे ४३. तुमच्या कागदावर १० लाख उरत होते, इथे १२ लाख कमी पडताहेत. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी १२ लाखांचं कर्ज घेतलं तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,४०० रुपये. सोसायटीचा मेंटेनन्स, दोघांचे पास आणि स्टेशनची रिक्षा धरली की १७,००० पर्यंत जातं. एजंटने हे सांगितलं नाही यात मला नवल वाटत नाही, पण मालकाशी बोलण्याआधी टोकन मात्र घेऊ नका.

व्यवहार झालाच तर सगळी रक्कम चेकने घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्यात भाडेहक्क हस्तांतराचा मोबदला घेणं कायदेशीर आहे. त्यामुळे "निम्मे रोख" असं जो म्हणेल तो स्वतःची सोय पाहतो आहे. खोली इतकी जुनी, की मूळ पागडी, म्हणजे खोली घेताना दिलेली रक्कम, आजच्या मानाने नगण्य. म्हणजे मिळणारी जवळजवळ सगळी रक्कम दीर्घकालीन भांडवली नफा, त्यावर साडेबारा टक्के कर. ठरलेल्या मुदतीत ती रक्कम घरात घातली तर सूट मिळते, पण घर त्याच व्यक्तीच्या नावावर हवं जिच्या नावावरचा हक्क विकला गेला.

आणि ती व्यक्ती कोण, हे तुमच्या पत्रात स्पष्ट नाही. तुम्ही लिहिता, भाडेपावती अजून सासऱ्यांच्या नावाने येते, ते २०१४ साली गेले, आणि डोंबिवलीचे दीर अधूनमधून हिश्श्याचं बोलतात. कायद्याप्रमाणे भाडेकरू गेल्यावर हक्क त्याच्यासोबत त्या वेळी राहत असलेल्या कुटुंबीयाकडे जातो. दीर तेव्हा वेगळे राहत असतील तर त्यांची बाजू कमजोर आहे. पण सासूबाई त्या खोलीत तेव्हाही होत्या, आजही आहेत. खरं तर निर्णय आधी त्यांचा आहे, आणि तुमच्या तीन पानी पत्रात त्यांचं मत एकदाही आलेलं नाही. अडुसष्टाव्या वर्षी ज्या गॅलरीत चाळीस वर्षं गेली ती सोडून बदलापूरच्या सहाव्या मजल्यावर दिवसभर एकट्याने बसायचं, हा त्यांच्यासाठी मोठा बदल आहे. त्यांना शेजारी बसवून विचारा. तुम्ही ड्युटीवर असताना मुलांना वेळेवर जेवायला घालणारं माणूस त्याच आहेत, तेव्हा ही गोष्ट पैशाच्या हिशेबातही मोडते.

आता वेळ. आज तुम्ही इस्पितळात पंधरा मिनिटांत चालत जाता. बदलापूरहून सीएसएमटी ६८ किलोमीटर. घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत एका बाजूने पावणेदोन तास धरा, तेही गाडी वेळेवर असेल तर. दोघांचे मिळून दिवसाला सात तास, महिन्याच्या पंचवीस दिवसांचे १७५. पूर्ण सात दिवस आणि सात रात्री भरतील एवढा वेळ दर महिन्याला लोकलमध्ये. सकाळी सातच्या पाळीला तुम्हाला पाचच्या आत निघावं लागेल, दुपारच्या पाळीहून परतायला मध्यरात्र होईल. मुलीला खोली मिळेल आणि त्या खोलीत ती आईशिवाय असेल. माझ्याकडे आलेल्या अशा कुटुंबांत वर्ष-दीड वर्षात आईने नोकरी सोडल्याचं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तुमच्या बाबतीत तसं झालं तर ६४,००० मधले तुमचे ३०,००० गेले आणि हप्ता तिथेच राहिला.

चाळीच्या पुनर्विकासाबद्दल यजमान म्हणतात, "दोन वर्षांत टॉवर उभा राहील, तोवर खोलीला कुलूप लावून भाड्याने कुठेतरी राहू." कुलूप लावू नका. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने खोली वापरली नाही तर मालक तेवढ्यावर ती रिकामी करून मागू शकतो. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तरी तेच. टॉवरचं म्हणाल तर तुमची इमारत १ सप्टेंबर १९४० पूर्वीची, म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) 'अ' वर्गातली. पुनर्विकास झाला तर पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचं घर विनामोबदला आणि मालकीचं मिळतं. खोली राखण्यामागचं माझं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. मात्र दोन वर्षांवर विसंबू नका. बिल्डरचं नाव ठरणं म्हणजे काम सुरू होणं नव्हे. म्हाडाचं ना हरकत प्रमाणपत्र, पालिकेची आयओडी (आराखड्याला सशर्त मंजुरी) आणि सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला) हे कागद चाळीच्या कमिटीकडे प्रत्यक्ष पाहायला मागा. माझ्या मामांची चाळ रिकामी झाली तेव्हा हातात फक्त बिल्डरचं पत्र होतं. पहिल्या वर्षानंतर बिल्डरकडून मिळणारं भाडं थांबलं आणि नव्या घरात यायला अकरा वर्षं गेली. सीसी दिसल्याशिवाय आणि भाड्याचे आगाऊ चेक हातात आल्याशिवाय तुम्हीही खोली रिकामी करू नका.

मग मुलीचं काय? तुम्हीच पत्रात ओझरतं लिहिलंय की मजल्यावरचे काका गावी राहायला गेलेत आणि त्यांची खोली १४,००० रुपये भाडं आणि दीड लाख डिपॉझिटवर मिळते आहे. तुम्ही ती "परवडणार नाही" म्हणून बाजूला ठेवलीत. पण बदलापूरचा खरा मासिक खर्च १७,००० निघाला, ही खोली विजेसकट १५,००० च्या आसपास पडते. माझ्या मते हाच रस्ता. स्वयंपाक, जेवणखाण, तुम्हा दोघांचं आणि मुलाचं झोपणं जुन्या खोलीत. मुलीचा अभ्यास, तिचं कपाट, तिचं आणि आजीचं झोपणं नव्या खोलीत. जुनी खोली वापरात राहते, तुमची चालत जायची नोकरी टिकते, शाळा बदलत नाही. दहावीपर्यंत साधारण साडेतीन वर्षं. भाड्याचे आणि विजेचे मिळून सहा लाखांच्या वर जातील. ते परत येणार नाहीत हे मला कळतं, आणि तरीही सुचवतो आहे.

एक अट आहे. काकांची खोलीही पागडीचीच, तेव्हा मालकाची लेखी संमती असल्याशिवाय आणि करार नोंदवल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका. मालक नाही म्हणाला तर आसपासच्या गल्लीत मालकी हक्काची वन रूम किचन पाहा, भाडं थोडं वाढेल. आणि काहीच जमलं नाही तर निदान आहे त्या खोलीत सुताराकडून काढता येण्याजोगी लाकडी आडभिंत आणि सरकतं दार करून घ्या. मोठं नुकसान न करता निघणारी आडभिंत कायद्याने पक्कं बांधकाम धरली जात नाही. भिंत फोडून काही करायचं असेल तर मात्र मालकाचं पत्र आधी.

भाडं गेल्यावर महिन्याला ७,००० उरतील. त्यातून आधी तुम्हा दोघांचा मुदत विमा घ्या, दोघांपैकी एकाचाही नाही हे वाचून मला काळजी वाटली. डिपॉझिट देऊन बँकेत पाच लाख राहतात. त्यातले तीन हात न लावता ठेवा, सासूबाईंच्या दुखण्याला आणि अडीअडचणीला. म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या सोडतीवर लक्ष ठेवा. वर्षाला ६ ते ९ लाख कौटुंबिक उत्पन्न म्हणजे तुम्ही अल्प उत्पन्न गटात येता. सासरे गिरणीत होते असं लिहिलंय. त्यांचं नाव १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर हजेरीपटावर असेल तर गिरणी कामगारांच्या घरासाठी त्यांच्या नावाने पूर्वी अर्ज भरला होता का, हे सासूबाईंना विचारा. जुन्या पत्र्याच्या पेटीत ती पावती अनेकदा सापडते.

या आठवड्यात एकच काम करा. सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, सासूबाईंचं शिधापत्रिकेवरचं नाव आणि शेवटची भाडेपावती घेऊन पावती सासूबाईंच्या नावाने करण्याचा अर्ज मालकाला द्या, पोच घेऊन. त्याच भेटीत काकांच्या खोलीबद्दलही विचारा. मालक काय म्हणतो ते मला कळवा, त्यावरून पुढचे आकडे पक्के करता येतील.