गॅस फायरप्लेसच्या काचेवर पांढरा थर आणि ओंडक्यावर काळा डाग पडला आहे. घरीच साफ करू का?

काचेवरचा पांढरा थर जरूर घरी काढा. काळ्या डागाचं मात्र तसं नाही. तो नुसता पुसून टाकू नका, आधी तो का आला ते बघावं लागेल.

पांढऱ्या थरात घाबरण्यासारखं काही नाही. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि गार काचेवर ती साकळते. पेटवल्यावर सुरुवातीला काच धुरकट दिसते ती यामुळेच. वाफ उडून जाते, पण ज्वलनातून आलेले बारीक क्षार काचेवर राहतात. वेळेवर पुसले तर सहज निघतात. तसेच ठेवले तर दर वेळच्या उष्णतेने भाजून घट्ट होतात आणि शेवटी काचच कायमची धुरकट होते. म्हणून हंगाम संपायची वाट पाहू नका.

आधी फायरप्लेस बंद करा, पायलटही (बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) बंद करा, गॅसचा व्हॉल्व्ह फिरवून बंद करा आणि सगळं पूर्ण गार होऊ द्या. घाई अजिबात नको, ज्योत विझल्यावरही काच बराच वेळ चटका देण्याइतकी तापलेली असते. बहुतेक मॉडेलमध्ये काचेची चौकट स्प्रिंगच्या खटक्यांवर बसवलेली असते. ती दोन्ही हातांनी उचलून जाड टॉवेलवर आडवी ठेवा. आधी कोरड्या मऊ फडक्याने पुसा, मग फायरप्लेसच्या काचेसाठी मिळणारं क्लीनर वापरा. खिडक्यांसाठीचं अमोनियावालं क्लीनर, घासायची पावडर, तारेची घासणी यांतलं काहीही नको. बोटांचे ठसेही पुसून काढा, कारण तेही उष्णतेने काचेवर पक्के बसतात. चौकटीच्या कडेची दोरीसारखी पट्टी कुठे दबली किंवा तुटली आहे का ते बघून घ्या. आणि बंद काचेचा फायरप्लेस काच लावल्याशिवाय कधीही पेटवू नका.

आता काळा डाग. तुमचे ओंडके लाकडाचे नाहीत, ते सिरॅमिकचे आहेत आणि बहुधा फायबरचे, म्हणजे ठिसूळ. त्यांची जागा डिझाइन करतानाच ठरवलेली असते. एखादा ओंडका थोडासा जरी सरकला तरी ज्योत थेट त्याच्यावर आपटते, नीट जळत नाही आणि काजळी धरते. मला सगळ्यात आधी हीच शंका येते, विशेषतः याआधी कोणी आतली सफाई केली असेल तर. हात लावण्यापूर्वी फोटो काढा आणि मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून बघा. ओंडके धुवायचे नाहीत. तोंडाला मास्क लावा आणि मऊ ब्रशने धूळ हलकेच झटका. धूळ बर्नरच्या भोकांत जाणार नाही एवढं सांभाळा.

ओंडके जागेवर असूनही काजळी येत असेल, किंवा काचेवरच काळं दिसायला लागलं असेल, तर पेटवणं थांबवा. हवा कमी पडते आहे, बर्नर तुंबला आहे, गॅसचा दाब बिघडला आहे किंवा धूर बाहेर नेणारा पाइप अडला आहे, यांपैकी काहीही असू शकतं. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग, त्यामुळे तो आपल्याला कळतच नाही. म्हणून त्याचा अलार्म घरात हवाच, झोपायच्या खोल्यांजवळही हवा. मी या बाबतीत फार आग्रही आहे. हवेची झडप स्वतः फिरवून बघू नका, ते काम टेक्निशियनचं.

पायलट वारंवार विझत असेल तर थर्मोकपलवर काजळी बसलेली असू शकते किंवा तो झिजलेला असू शकतो. पायलटची उष्णता लागली की त्यातून किंचित वीज तयार होते आणि तिच्यावरच सुरक्षा व्हॉल्व्ह उघडा राहतो. टेक्निशियन मीटर लावून ती मोजतो, त्यामुळे अंदाजाने भाग बदलत बसावं लागत नाही.

फायरप्लेसच्या पंख्याची आणि खालच्या जाळीची धूळ अधूनमधून व्हॅक्यूमने ओढून घ्या. बाहेरच्या भिंतीवरचं पाइपचं तोंडही बघा. तिथे पानं, घरटं, बर्फ अडकतं, आणि बंद काळात कोळी बर्नरच्या नळीतसुद्धा जाळी करतात. म्हणूनच थंडी सुरू होण्याआधी वर्षातून एकदा पूर्ण तपासणी करून घ्यावी.

काम करताना कधीही गॅसचा वास आला तर विजेचं बटण चालू-बंद करू नका, काडी पेटवू नका. सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडा आणि बाहेरूनच गॅस कंपनीला फोन करा.

मॅन्युअल हरवलं असेल तर मॉडेल नंबर बहुतेक वेळा खालच्या जाळीमागच्या धातूच्या पट्टीवर असतो. तो घेऊन उत्पादकाच्या साइटवर शोधा, ओंडक्यांच्या मांडणीचं चित्र तिथल्या मॅन्युअलमध्ये मिळेल.