'धाडसी', 'प्रायोगिक' की 'बिनीचा'?

प्रश्न असा आलाय की द रेनकोट्स या लंडनच्या बँडच्या 'ओडिशेप' (१९८१) अल्बमवर मराठीत लिहायचंय, 'अवाँ-गार्द'ला (म्हणजे चाकोरी मोडून काळाच्या पुढे जाणारं काम) शब्द मिळत नाहीये, तर 'महिला बँडचा धाडसी प्रायोगिक अल्बम' असं लिहिलं तर चालेल का.

पहिलं म्हणजे 'धाडसी' काढून टाका. बाईच्या कामाला धाडसी म्हटलं की आपल्या सिनेमाच्या पुरवण्यांनी त्या शब्दाची पार वाट लावून ठेवलीये, धाडसी दृश्य, धाडसी फोटोशूट, म्हणजे कपडे कमी एवढंच डोक्यात येतं. आणि इथे तर नेमकं उलटं आहे, अल्बमच्या नावातच 'बॉडी शेप' ऐकू येतं आणि त्याच नावाचं गाणं आरशात स्वतःचं शरीर बघून अवघडलेल्या मुलीवर आहे.

'प्रायोगिक' चुकीचा नाही, पण मराठीत तो शब्द नाटकवाल्यांनी कधीच बुक करून ठेवलाय. प्रायोगिक म्हटलं की दादरचं छबिलदास, सत्तरचं दशक, आविष्कार ही नाट्यसंस्था, हेच आठवणार, आणि नाटकाशी संबंध नसलेल्या माणसाला आठवणार ती महापालिका, कारण तिकडे सगळंच 'प्रायोगिक तत्त्वावर' सुरू होतं, म्हणजे जमलं तर ठेवू नाहीतर बंद करू. अल्बम काही ट्रायलवर काढलेला नव्हता ना.

आता गंमत बघा, अवाँ-गार्द हा मूळ लष्करी शब्द, फौजेच्या पुढे चालणारी तुकडी, आणि त्याला आपल्याकडे अगदी तंतोतंत शब्द आहे, बिनी. पेशव्यांचे सरदार विसाजी कृष्ण बिनीवाले, ते आडनाव त्यातलंच. पण म्हणून 'बिनीचा अल्बम' लिहू नका हां, कारण आज बिनीचा म्हणजे आघाडीचा, पहिल्या फळीतला, बिनीचे फलंदाज वगैरे, त्यात विचित्रपणाची, लोकांना न पचण्याची छटा औषधालाही नाही.

मी 'प्रयोगशील' लिहीन. हा शब्द करणाऱ्याच्या स्वभावाला चिकटतो, पेपरात 'प्रयोगशील शेतकरी' येतो तो कसा, नेहमीचं पीक सोडून काहीतरी वेगळंच लावून बसलेला, तसं. आणि या अल्बमला तो बसतो कारण पहिल्या अल्बमनंतर पामोलिव्ह ही ड्रमर बँड सोडून गेली, मग गाणी बरीचशी ड्रमशिवायच रचली गेली आणि ड्रम नंतर वरून आले, म्हणून ऐकताना ठेका गाण्याला हाकत नाही, गाणं मध्येच रेंगाळतं, मध्येच पळतं आणि ड्रम त्याच्या मागून धावतो. त्यात विकी अ‍ॅस्पिनॉल शास्त्रीय व्हायोलिन शिकलेली, पण इथे ती ते खरवडल्यासारखं वाजवते, शिवाय कलिंबा, बॅलाफोन असली आफ्रिकन वाद्यं. रॉकवाल्यांना हे रॉक वाटत नाही आणि लोकसंगीतवाल्यांना लोकसंगीत, म्हणून मला तरी हा त्यांच्या १९७९ च्या पहिल्या अल्बमपेक्षा जास्त आवडतो, जरी निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनने कौतुक केल्यामुळे नाव त्याचंच जास्त झालं.

'महिला बँड' पण नको, लगेच बचत गटाचा कार्यक्रम वाटतो. मराठीत संख्येलाच लिंग आहे ते वापरा की, तिघी, चौघी. पहिल्या अल्बमला चौघी होत्या, इथे मुख्य तिघी, आना दा सिल्वा, जीना बर्च आणि विकी. एका शब्दात काम झालं, बायका-महिला-मुली असला कुठलाच वाद नाही. फक्त 'सर्व वादक स्त्रिया' असं लिहून बसू नका, ते खोटं होईल, ड्रमवर इंग्रिड वाइस आहे तसे रॉबर्ट वायट, चार्ल्स हेवर्ड, रिचर्ड डुडान्स्की हे पाहुणे पुरुषही आहेत.

म्हणजे 'तिघींच्या बँडचा प्रयोगशील रॉक अल्बम', अवाँ-गार्द हवंच असेल तर देवनागरीत तसंच ठेवा, कलेवरचं मराठी वाचणाऱ्याला ते कळतं.

आणि क्रियापद सांभाळा. रेनकोट मराठीत पुल्लिंगी, त्यामुळे हात आपोआप 'रेनकोट्स १९८१ मध्ये नवा अल्बम घेऊन आले' असं टाइप करतो. तिथे 'आल्या' करा.