शाळेच्या स्काऊट पथकाला राष्ट्रीय जांबोरीसाठी कसे तयार करावे?

आपण नुकताच स्काऊटमास्तरचा बेसिक कोर्स केला आहे, शाळेतली सोळा मुले पुढच्या राष्ट्रीय जांबोरीला, म्हणजे देशभरच्या स्काऊट-गाईडांच्या मोठ्या शिबिर-मेळाव्याला, न्यायची आहेत, आणि सराव कोणत्या स्पर्धांचा घ्यावा, सामान काय घ्यावे व मुलांची निवड कशी करावी, असे आपण विचारले आहे. सामानाची यादी आणि स्पर्धांचे नियम परिपत्रकात येतील. निवडीविषयी मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण जांबोरीची तयारी या नावाखाली चांगली चाललेली पथके मोडताना मी पाहिली आहेत आणि आमच्या शाळेत याच मुद्द्यावर मी मोठा वाद घातला आहे. माझे मत स्पष्ट आहे: मुले निवडू नका, संघ न्या. आठ-आठ मुलांचे दोन संघ, म्हणजे पथकातल्या कायमच्या छोट्या तुकड्या, त्यांच्या संघनायक-उपसंघनायकांसह, वर्षभर शाळेत जसे आहेत तसेच.

बहुतेक ठिकाणी जांबोरीचे पत्र आले की चाचणी घेतली जाते. संचलनासाठी उंच मुले, लोकनृत्यासाठी नाचणारी, प्रदर्शनासाठी चित्रे काढणारी आणि पाहुण्यांसमोर बोलायला ज्याचे हिंदी चांगले आहे असा एखादा, अशी मुले वेगवेगळ्या संघांतून वेचली जातात. ज्याने वर्षभर संघाची नोंदवही ठेवली, लहान मुलांना गाठी शिकवल्या, पण ज्याचे पाऊल संचलनात चुकते, तो घरी राहतो. राजस्थानातल्या रोहट येथे २०२३ मध्ये झालेल्या जांबोरीआधी आमच्याकडेही हेच ठरत आले होते. शाळेचा सांस्कृतिक विभाग पाहणारे माझे एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांच्याविषयी मला आदर आहे, त्यांचे म्हणणे असे होते की राष्ट्रीय मेळाव्यात जिल्ह्याचे नाव पणाला लागलेले असते, तेथे उत्तम तेच न्यावे. जेवण आचारी करतात, तंबू उभे केलेले मिळतात, मग संघाचा आग्रह कशासाठी?

त्यांनी मला स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचाच दाखला दिला. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर जे पहिले शिबिर झाले, त्यातली वीस मुले एका शाळेतली किंवा एका वस्तीतली नव्हती. काही श्रीमंतांच्या निवासी शाळांतली होती, तर काही पूल आणि बोर्नमथ येथील साध्या कामकरी घरांतली. अशी मुले गोळा करून संस्थापकांना शिबिर जमले, तर आपल्याला का जमू नये? हा प्रश्न चांगला होता आणि त्यावर मी बराच विचार केला. पण त्या वीस मुलांचे लगेच चार संघ केले गेले होते, प्रत्येक संघाला एक मोठा मुलगा नायक म्हणून दिला होता आणि संघात काय चालले आहे याचा जाब खरोखरच त्याला विचारला जात असे. शिवाय वीस मुलांवर स्वतः बेडन-पॉवेल यांची नजर होती. जेथे तीस हजारांहून अधिक मुले आठवडाभर तंबूंत राहतात, तेथे स्काऊटमास्तरची नजर दहा तंबूंपलीकडे पोहोचत नाही, आणि मुलांनी एकमेकांना सांभाळले तरच ती सांभाळली जातात.

अखेर मुख्याध्यापकांनी मध्यम मार्ग काढला: एक तंबू माझ्या गरुड संघाचा आणि दुसरा निवडलेल्या मुलांचा. निवडलेल्या मुलांचा सराव सभागृहात सुरू झाला. गरुड संघाने आपल्या तयारीचा आराखडा मानसभेत, म्हणजे संघनायकांच्या बैठकीत, स्वतः मांडला. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मुले शिधा घेऊन कृष्णेच्या वाळवंटात जात. आमच्याकडची जमीन मुरमाड आहे. तिच्यात ठोकलेली तंबूची खुंटी हलत नाही, त्यामुळे खुंटी उपटते म्हणजे काय होते, हे मुलांनी कधी पाहिलेच नव्हते. वाळूत ती पहिल्याच ओढीला बाहेर आली. मग पोत्यात वाळू भरायची, ते पोते आडवे पुरायचे आणि त्याला ताण (तंबू ताणून धरणारी दोरी) बांधायचा, ही रीत त्यांनी शिकून घेतली. सुती दोरी दवाने भिजली की आखडते आणि खुंट्या ओढून काढते, म्हणून झोपण्यापूर्वी ताण किंचित सैल करायचे असतात, हे त्यांना तेथेच एका थंड पहाटे कळले. दोन काड्यांत चूल पेटवण्याची जुनी कसोटी सर्वांनी दिली. पिठले करपले, भात कच्चा राहिला; पण भुकेने कोण चिडतो, कोण उपाशी राहूनही तोंड उघडत नाही, अंधारात एकट्याने जायची भीती कोणाला वाटते, हे आठही जणांना एकमेकांविषयी ठाऊक झाले. मी तयारी म्हणतो ती याला.

राजस्थानातल्या पाली जिल्ह्यात, रोहट येथे अठरावी राष्ट्रीय जांबोरी ४ ते १० जानेवारी २०२३ या काळात झाली. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते उद्घाटन झाले, आणि देशभरातली मुले एका मैदानावर एका वेळी नमस्कारासाठी हात उचलताना पाहणे ही माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट आहे. अशा गर्दीत लहान मूल कसे हरवते, म्हणजे डोळ्यांसमोर असूनही कसे हरवते, हेही मला तेथेच दिसले. एका संध्याकाळी गरुड संघाचा उपसंघनायक माझ्याकडे आला आणि त्याने पाण्याची एक बाटली माझ्यापुढे धरली. ‘‘सर, ही त्याने सकाळी भरून घेतली होती. अजून तेवढीच आहे.’’ बाटली संघातल्या सर्वांत लहान मुलाची होती. शौचालयाच्या रांगेत उभे राहण्याचा त्याला संकोच वाटत होता, म्हणून त्याने पाणी पिणेच सोडले होते. त्याचे ओठ फुटले होते, डोके दुखत होते, आणि विचारले की ‘‘काही नाही, सर’’ एवढेच उत्तर येत होते. आम्ही त्याला मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे करून पाजले. पुढचे सर्व संघनायकाने ठरवले: पहाटे रांग लागण्यापूर्वी आठही जणांनी एकत्र जायचे, आणि प्रत्येक जेवणाआधी ज्याने त्याने आपली बाटली रिकामी करून दाखवायची. ती व्यवस्था शेवटच्या दिवसापर्यंत टिकली आणि मला त्यात लक्ष घालावे लागले नाही.

त्याच रात्री शेजारच्या तंबूत आमचाच एक मुलगा तापाने फणफणला होता. लेझीम अप्रतिम खेळणारा, हुशार, चारचौघांत बोलका मुलगा. तो दमून लवकर झोपला असे बरोबरच्या मुलांना वाटले. त्याने रात्रीचे जेवण घेतले नाही हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण तो एरवी किती जेवतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. सकाळी संचलनाच्या रांगेत तो खाली बसला तेव्हा आम्ही त्याला वैद्यकीय कक्षात नेले. सुदैवाने तो लवकर बरा झाला. त्या मुलांना मी मुळीच दोष देत नाही. ती भली मुले होती, पण त्यांना एकमेकांची फक्त नावे माहीत होती.

माझे सहकारी आजही म्हणतात की ताप कोणालाही येतो, आणि लेझमीला टाळ्या पडल्या हे विसरू नये. टाळ्या पडल्या, मुले खरोखर सुंदर खेळली. पण गरुड संघातल्या काहींनी तीच लेझीम त्याच आठवड्यात, त्याच मुलांकडून शिकून घेतली आणि शेकोटीच्या कार्यक्रमात खेळूनही दाखवली. उलट वाटेने काय झाले असते? बाटलीवरून मुलाची तब्येत ओळखणे तेथे आठवड्यात कोणी कोणाला शिकवू शकले नसते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियातील सेमांगम येथे जागतिक जांबोरी झाली. समुद्र हटवून केलेल्या सपाट, सावली नसलेल्या जमिनीवर चाळीस हजारांहून अधिक जण उतरले आणि शेकडो जणांना उष्णतेचा त्रास झाला. सुमारे ४,५०० जणांचे ब्रिटिश पथक आणि अमेरिकेचे पथक तळ सोडून गेले, आणि पुढे वादळ येत असल्याने उरलेल्या सर्वांनाच हलवावे लागले. मोठ्या संघटना आणि पुष्कळ पैसा असलेल्या ठिकाणीही हे घडू शकते. म्हणून ‘तेथे सर्व मिळते’ या भरवशावर मुलांना नेऊ नये. निदान पहिल्या दिवसाचे पाणी, कोरडा खाऊ आणि डोक्यावरची सावली संघाने आपल्याबरोबर आणलेली असावी.

आता आपल्या उरलेल्या प्रश्नांविषयी थोडक्यात. राष्ट्रीय जांबोरी बहुधा थंडीत येते, पण डिसेंबर २०१६ अखेरचे म्हैसूर आणि जानेवारीतले मारवाड (रोहटचा प्रदेश) यांच्या रात्री सारख्या नसतात; ठिकाण कळल्यावरच पांघरुणे ठरवा. थंडी जमिनीतून वर येते, म्हणून दुसऱ्या ब्लँकेटपेक्षा खाली जाड सतरंजी आणि तिच्याखाली वर्तमानपत्रांचे थर जास्त उपयोगी पडतात. मोजे जास्त घ्यावेत आणि एक जोड फक्त झोपण्यासाठी कोरडा ठेवावा. नवे बूट नेऊ नयेत. सामान प्रत्येकाने स्वतः भरावे. आईने भरलेल्या पिशवीत काय कोठे आहे हे मुलाला तेथे सापडत नाही. पालकांची संमतिपत्रे, वैद्यकीय दाखले, रक्तगट लिहिलेली ओळखपत्रे आणि नेहमीच्या औषधांची नोंद यांची एक प्रत आपल्याजवळ आणि एक संघनायकाजवळ असावी. स्पर्धांपैकी प्रवेशद्वार उभारणी आणि कॅम्प क्राफ्ट (तळावर लागणाऱ्या वस्तू स्वतः बांधून करणे) यांना सर्वाधिक वेळ द्या, कारण त्यांत पूर्ण संघ एकत्र राबतो. बांबू स्वतःचे वापरा, स्क्वेअर लॅशिंग (दोन बांबू काटकोनात दोरीने बांधणे) मुले डोळे मिटून करतील इतका सराव घ्या, आणि सजावटवाल्याकडून कमान आणण्याचा मोह कोणी दाखवला तर नकार द्या. मुलांनी न बांधलेल्या कमानीखाली मुलांना उभे करून छायाचित्र काढणे मला अप्रामाणिक वाटते.

काही अपवाद सांगायला हवेत. बँडसाठी वाजवणारीच मुले लागतात, तेथे निवड टळत नाही. जिल्ह्याने प्रत्येक शाळेला दोन-तीनच जागा दिल्या, तर मुले मिसळणारच; अशा वेळी इतर शाळांच्या शिक्षकांना भेटून निदान दोन महिने आधी नवे संघ बांधा, त्यांना नावे आणि नायक द्या, आणि त्यांचे एक रात्रीचे शिबिर घ्या. नदीकाठी जाताना मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पोहणारा प्रौढ बरोबर असल्याशिवाय जाऊ नका, पाण्याचा विसर्ग सोडला आहे का याची आधी चौकशी करा. मुलींच्या पथकाबाबत गाईड कॅप्टनशी, म्हणजे ते पथक चालवणाऱ्या शिक्षिकेशी, बोला. शौचालयाच्या आणि पाण्याच्या बाबतीत मुलींच्या अडचणी मुलांहून पुष्कळ जास्त असतात आणि त्यावर मी बोलणे योग्य नाही. एखादा संघ खरोखरच कच्चा असेल, तर त्याला तयार करायला आपल्याकडे किती महिने आहेत ते आधी पाहा, आणि संघनायकाला पालकसभेत स्वतः बोलू द्या. शिबिराची माहिती पालकांना त्यानेच द्यावी, आपण मागे बसावे.