पणजीत रोज बाहेर जेवताना पैशाच्या मानाने पोषण कशात जास्त मिळते?

आपण विचारले आहे की नोकरीमुळे पणजीत दुपारचे जेवण रोज बाहेरच होते. तेव्हा साखळी दुकानातले बर्गर, फ्राइज आणि कोला असे कॉम्बो, जवळच्या हॉटेलातली भाजी-पाव आणि मासळीची थाळी यांपैकी कशात पैसे कारणी लागतात? माझ्या मते येथे किमतीला कॅलरींनी न भागता प्रथिनांनी भागावे. मैदा, बटाटा, साखर आणि तेल स्वस्त असल्यामुळे कॅलरी कोठेही भरपूर मिळतात; बाहेरच्या खाण्यात कमी पडतात ती प्रथिनेच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम, आणि त्यांतली १५ ते २० ग्रॅम तरी दुपारच्या जेवणातून यायला हवीत.

आता कॉम्बो पाहू. बटाट्याच्या टिक्कीचा साधा बर्गर, मध्यम फ्राइज आणि ३०० मिलीलिटर कोला मिळून सुमारे ८०० कॅलरी होतात, पण प्रथिने जेमतेम १३ ग्रॅम. कोलात ३० ग्रॅमच्या वर साखर असते आणि प्रथिने अजिबात नसतात. फ्राइजमधून तीन-चार ग्रॅम मिळतात. कर धरून हे सगळे २५० रुपयांना पडले असे मानले, तर प्रथिनांचा एक ग्रॅम १९ रुपयांना पडतो. या दुकानांची एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे: दहा किंवा त्याहून अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थांच्या कॅलरी मेन्यूवर दाखवणे एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाने) बंधनकारक केले असल्यामुळे तेथे आकडे समोर असतात. भाजी-पावाचा अंदाज आपला आपणच बांधावा लागतो.

तो बांधणे अवघड नाही. कडधान्याच्या एका प्लेटीत साधारण ४० ग्रॅम कोरडे कडधान्य धरले, तर त्यातून नऊ ग्रॅम प्रथिने मिळतात; दोन पावांतून सहा-सात. एकूण १५-१६ ग्रॅम, आणि प्लेट ६० रुपयांना धरली तरी ग्रॅमला चार रुपयेच पडतात. शिवाय पावाच्या प्रथिनांत लायसिन (प्रथिनांतले एक आवश्यक अमिनो आम्ल) कमी असते आणि कडधान्यात ते भरपूर, त्यामुळे दोन्ही एकत्र खाल्ल्याने प्रथिनांचा दर्जाही सुधारतो. पण हा हिशेब सुक्या वाटाण्याच्या, चण्याच्या किंवा अळसांद्यांच्या (चवळीचा गोव्यातला प्रकार) भाजीला लागू आहे. बटाट्याची सुकी भाजी घेतली तर प्रथिने नऊ-दहा ग्रॅमवर येतात, म्हणून ती एकटी न घेता कडधान्याच्या पातळ भाजीबरोबर घ्यावी. वाटीत तेलाचा तवंग किती आहे तेही पाहावे, कारण एका मोठ्या चमच्याभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात आणि त्या कोणत्याही फळ्यावर लिहिलेल्या नसतात.

पावाऐवजी पोळी (चपाती नव्हे, गोव्यातला कोंड्याचा पोकळ पाव) मिळत असेल तर ती घ्यावी, परंतु मोडून आतला रंग बघावा. आत तपकिरी असेल आणि कोंड्याचे कण दिसत असतील तर तंतुमय पदार्थ खरोखर मिळतील. आत पांढरीशुभ्र असेल तर कोंडा फक्त वरून भुरभुरलेला आहे, आणि ती पावापेक्षा फारशी वेगळी नाही. भाजीवर लिंबू पिळल्यास कडधान्यातील लोह अधिक शोषले जाते. याउलट, जेवणाबरोबर घेतलेला चहा ते शोषण कमी करतो. भाजी-पाव आणि चहा ही आपल्याकडची जोडी मोडणे कठीण आहे याची मला कल्पना आहे, तरी चहा तासाभराने घ्यावा असा माझा आग्रह राहील.

संध्याकाळी उशिरापर्यंत थांबावे लागल्यास गाड्यावरचे रस ऑम्लेटही (नारळाच्या रश्शातले ऑम्लेट, सोबत पाव) याच हिशेबात चांगले बसते: दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, पावांतून सहा-सात. सोबतच्या नारळाच्या रसामुळे कॅलरी मात्र वाढतात, तेव्हा रस दुसऱ्यांदा मागू नये.

मासळीची थाळी ग्रॅममागे थोडी महाग पडते, तरी परवडत असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा ती घ्यावी असे मी सुचवीन. बांगडा किंवा तारले असेल तर ओमेगा-३ मिळते, जे भाजी-पावात किंवा बर्गरमध्ये जवळजवळ नसतेच. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात भाव चढतात आणि तुकडा लहान होतो. तेव्हा सरळ कडधान्याकडे वळावे. एरवीही इसवण (सुरमई) मागून जास्त पैसे देण्याची गरज नाही, पोषणात बांगडा त्याहून कमी नाही.

सहकाऱ्यांबरोबर साखळी दुकानात जावेच लागले तर कॉम्बो न घेता अंड्याचा किंवा चिकनचा, शक्यतो न तळलेला, नुसता बर्गर घ्यावा आणि सोबत पाणी प्यावे. फ्राइज हव्याच असतील तर दोघांत एक पुरतात.