आधी संमतीपत्र वाच

अगं,

प्रदूषण नियंत्रण मंडळात नोकरी धरू की वकिली करून कंपन्यांवर दावे लावू, यावर तू चार पानं लिहिलीस. त्यात एकाही कारखान्याचं संमतीपत्र, म्हणजे मंडळाने अटी घालून दिलेला परवाना, वाचल्याचा उल्लेख नाही. माझा राग तेवढ्यावरच आहे.

दाव्यांच्या धाकाने कंपन्या सुधारतात म्हणतेस. भोपाळमध्ये 1984 च्या डिसेंबरात वायू सुटला, 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि वाढीव भरपाईची केंद्राची याचिका 2023 मध्ये फेटाळली गेली. भरपाईच्या दाव्याला आधी कुणाचं तरी वाटोळं व्हावं लागतं. मग ते कुणामुळे झालं, हे सिद्ध करायचं. ओढ्यात वीस कारखान्यांचं पाणी मिसळत असेल, तर आपली विहीर कुणी नासवली हे शेतकऱ्याने दाखवायचं कसं?

संमतीपत्रात रोज किती सांडपाणी, कुठे सोडायचं, त्यातली बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) किती, सगळं लिहिलेलं असतं. आकडा ओलांडला की उल्लंघन झालं. विहीर नासायची वाट बघावी लागत नाही. म्हणून सांगतो, संमतीपत्र वाच.

मंडळ झोपलेलं असतं, हे मला नको शिकवूस. इंद्रायणीच्या नीलरेषेच्या, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पूररेषेच्या आत, पुण्याजवळच्या चिखलीत 36 बंगले उभे राहिले आणि हरित लवादाच्या (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या) आदेशामुळे मे 2025 मध्ये पाडले गेले. तुला यात खटल्याचा विजय दिसतो. पण रेषा आधी आखलेली नसती तर लवादाने काय धरून आदेश दिला असता? शिवाय 2010 च्या हरित लवाद कायद्याने पर्यावरणाचे असे दावे दिवाणी कोर्टातून काढून लवादाकडेच दिलेत. तुझ्या पुस्तकातला 'नियम की दावा' हा वाद अमेरिकेत शोभतो.

आणि आळंदीहून बाटलीत भरून आणलेला इंद्रायणीचा तो फेस! कळकळ कळली, पोरी. पण 1974 च्या जल कायद्याप्रमाणे मंडळाच्या माणसाने नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, सील-सह्यांनिशी घेतलेला नसेल तर त्या कायद्याखालच्या खटल्यात तो अहवाल पुरावा म्हणून चालत नाही. तुझी बाटली तक्रारीपुरती.

बारमधली वकील मंडळी मला 'मंडळाचा कारकून' म्हणायची. मोठे दावे लढवणाऱ्यांचे फोटो छापून आले. मी अटी कडक करून घेण्यात आणि त्या पाळल्या जातात का हे बघण्यात उमेद घालवली. कधी कधी सलतं. पण जे पाणी नासलंच नाही, त्याची बातमी कोण छापणार? पुन्हा वकिली करायची झाली तरी हेच करीन.

नोकरी की वकिली, तुझं तू ठरव. दोन्हीकडे संमतीपत्र वाचावंच लागेल.

तू लिहिलेल्या त्या प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी कोणत्या तारखेला जाहीर झाली, ते आजच कळव. मंजुरीविरुद्ध लवादात अपिलाला 30 दिवस असतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी 60, पण त्यावर विसंबू नकोस.